वाचकांचे प्रश्न : चांगल्या माणसाच्याच बागेत गारा का पडतात?

या महिन्याच्या पत्रांमध्ये तीन पत्रं वेगवेगळ्या घरातून आलीत पण दुखणं एकच आहे, म्हणून तिन्ही इथं एकत्र घेतोय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, पत्रं थोडी आखडती केलीत.

प्रश्न : काका, आमचं गाव निफाड तालुक्यात, द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. सासऱ्यांनी आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही, बाजाराच्या दिवशी मजुरांचे पैसे हातावर ठेवल्याशिवाय स्वतः जेवत नाहीत, शाळेच्या रस्त्याला बांधालगतची जागा फुकट सोडली. २०२३ च्या नोव्हेंबरातल्या गारपिटीत आमची बाग फुलोऱ्यात होती ती पूर्ण झोडपून निघाली, पानांच्या चिंध्या आणि काड्या सोललेल्या. आणि बांधापलीकडचा जो दरवर्षी नांगरताना आमचा बांध कोरतो त्याची बाग जशीच्या तशी उभी. पुढच्या हंगामात माल चांगला निघाला तर व्यापारी अर्धे पैसे देऊन गायब झाला. आता सासरे कोणाशी बोलत नाहीत, ओट्यावर बसून राहतात, जेवण कमी झालंय, बोलले तर एकच, मी कोणाचं काय वाईट केलं. पाहुणे म्हणतात पितृदोष आहे, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करा. मिस्टर या विषयावर चिडतात. देव चांगल्यांनाच का छळतो? आणि पूजा करावी का?
— एक सून, निफाड तालुका

उत्तर : ताई, पहिलं उत्तर तुमच्या सासऱ्यांसाठी, ते त्यांना वाचून दाखवा. बाबा, तुम्ही कोणाचं काहीही वाईट केलेलं नाही आणि त्या गारांचा तुमच्या वागण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

आता सविस्तर सांगतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला जे झालं ते निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कितीतरी गावांनी भोगलंय. खालून दमट उबदार हवा जोरात वर चढते, ढग उंचच उंच वाढतो, आतले पाण्याचे थेंब वर जाऊन गोठतात, त्यांच्यावर बर्फाचा थर चढत जातो, आणि वर नेणाऱ्या हवेला ते वजन पेलेनासं झालं की गारा खाली येतात. ढग सरकत असतो म्हणून गारा पट्ट्यानं पडतात हे तुमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, वरच्या वस्तीला पांढरा सडा आणि खालच्या वस्तीला नुसता पाऊस असं दरवेळी होतं. त्या पट्ट्याची कड कुठेतरी पडणारच होती, ती तुमच्या बांधावर पडली. ढगाला सातबारा वाचता येत नाही, बांध कोणी कोरला आणि रस्त्याला जागा कोणी सोडली हे त्याला कळायचं काही साधनच नाही. हे ऐकायला कोरडं वाटेल पण मला यात मोठा दिलासा दिसतो, कारण गारा जर कोणी निवडून पाठवत नसेल तर बाबांना कोणी दोषी ठरवलेलंच नाही.

आणि व्यापाऱ्याचं जे झालं ते मात्र कृपा करून गारपिटीच्या गाठोड्यात बांधू नका. घरात दोन्हीला मिळून "आमचं नशीबच खराब" म्हटलं जातंय असं पत्रावरून वाटतं. गारपिटीला गुन्हेगार नाही, पण पैसे बुडवायला आहे, त्याला नाव आहे, गाव आहे, फोन नंबर आहे. त्याला दैव म्हटलं की तो माणूस सुटतो. सौदा पावती, वजनाच्या चिठ्ठ्या, चेक वटला नसेल तर बँकेचा कागद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, गाडीचा नंबर, जे असेल ते गोळा करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, बाजार समितीलाही कळवा. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशाच फसवणुकीच्या तक्रारींवर मोहीम काढली होती आणि बऱ्याच शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे वसूल झाले होते, त्यामुळे आता काय होणार म्हणून घरी बसू नका. बाबांनी बहुतेक शब्दावर माल दिला असेल, साध्या सरळ माणसाला वाटतं की समोरचाही आपल्यासारखाच. चांगुलपणा आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही, आणि पुढच्या वर्षी व्यवहाराच्या वेळी मिस्टरांनी शेजारी उभं राहून कागद करून घेतला तर बाबांचा स्वभाव बदलायची गरज नाही.

पाहुण्यांबद्दल. ते दुष्ट नाहीत, घाबरलेत. तुमच्यासारख्या घरावर हे येऊ शकतं तर आमच्यावरही येईल, ही भीती माणसाला सहन होत नाही, मग तो कारण शोधतो की यांच्यात काहीतरी खोट असणार. १९६६ मध्ये अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी यावर एक प्रयोग केला. मुलींना दाखवलं की एका बाईला चूक झाली की विजेचे झटके बसतायत (खरं तर ती अभिनय करत होती). ज्यांना ते थांबवायची संधी मिळाली त्या तिच्याबद्दल बऱ्यापैकी बोलल्या, पण ज्यांना नुसतं बघत बसावं लागलं आणि हे असंच चालू राहणार असं सांगितलं गेलं त्यांनी त्या बाईलाच नावं ठेवली. म्हणजे मदत करता येत नाही, बघवतही नाही, मग तिचीच लायकी तशी म्हणून मन शांत करायचं. तुमच्या ओट्यावर येऊन पितृदोष सांगणाऱ्यांचं हेच झालंय. त्यांना कामाला लावा, कोणाला तक्रारीला सोबत न्या, कोणाला बागेत चार दिवस मदतीला बोलवा, बघा बोलणं कमी होतं की नाही.

हे असं मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालंय. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू केवढा चांगला! तरी रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला, जमीन हलण्याची कारणं जमिनीतच असतात, ती माणसाच्या नीतीशी जोडू नका असं त्यांचं म्हणणं, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या हरिजन साप्ताहिकात छापला. मी या वादात टागोरांच्या बाजूचा आहे. भूकंपात मेलेल्या लेकरांना कोणाच्याही पापाचा हिशोब लावायचा नसतो, अगदी चांगल्या कामासाठीसुद्धा.

तुम्ही म्हणाल, आपल्या धर्मातच कर्माचं फळ सांगितलंय. सांगितलंय. पण त्याच परंपरेत त्याला हिशोब विचारणारेही आहेत, ते कीर्तनात कमी येतात. महाभारतात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. ऋषी मौन धरून तप करतायत, चोर चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवतात, राजाचे शिपाई येतात, ऋषी बोलत नाहीत, झालं, चोर ठरवून सुळावर चढवतात. ते मरत नाहीत. राजाला चूक कळते, खाली उतरवतात पण सूळ निघत नाही, तो कापून टाकतात आणि टोक शरीरात तसंच राहतं. मग मांडव्य थेट यमधर्माकडे जातात आणि विचारतात, माझं पाप काय ते सांग. यम म्हणतो, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. आता इथं बघा काय होतं, ऋषी मान खाली घालून बरं म्हणत नाहीत. ते भडकतात. एवढ्याशा पोराच्या एवढ्याशा चुकीला ही शिक्षा? आणि ते न्याय देणाऱ्यालाच शाप देतात की तू दासीच्या पोटी जन्म घेशील, तोच विदुर झाला. वर नियमही घालून देतात की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेलं पाप म्हणून धरायचं नाही. म्हणजे हिशोब जुळत नाही असं वाटलं तर यमालाही जाब विचारता येतो, हे आपल्याच ग्रंथात आहे. बाबांचा "मी काय केलं" हा प्रश्न मांडव्यांचाच आहे, फक्त बाबा तो स्वतःवर उलटवून बसलेत.

पूजेचं. बाबांची श्रद्धा असेल आणि त्यांना स्वतःहून वाटत असेल की रामकुंडावर जाऊन यावं, घरी अभिषेक करावा, तर जरूर करा, मिस्टरांनी त्यावर चिडू नये. पण दोष काढायचा म्हणून, आणि तोही सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना आणखी उसनवारी करून, असलं काही करू नका. दंड भरला की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. जो गुन्हा त्यांनी केलाच नाही तो तुम्ही घरच्यांनी त्यांच्या माथी मारायचा नाही.

आणि एक महत्त्वाचं, पत्रातली जेवण कमी झालंय आणि बोलत नाहीत ही वाक्यं मला सगळ्यात जास्त टोचली. हे नुसतं वाईट वाटणं राहिलेलं नाही. त्यांना एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, आणि या आठवड्यातच सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. तोवर टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पूजा कधी करायची हे नंतर ठरवता येईल, डॉक्टर आधी.

प्रश्न : माझी आई सिडकोत राहते, माळकरी आहे, दरवर्षी पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाते, कांदा लसूणसुद्धा खात नाही. तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. आता केमो चालू आहे. ती म्हणते मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, फेडतेय. बिल्डिंगमधल्या बायकाही तसंच सुचवतात. मी काय बोलू तिला?
— मुलगी, नाशिक

उत्तर : ताई, आजाराचं आधी बोलू. शरीरात पेशी सतत विभागत असतात, प्रत्येक वेळी आतली सगळी माहिती नव्यानं उतरवली जाते आणि त्यात चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, काही राहतात, अशा काही ठराविक चुका एकाच पेशीच्या वंशात साठल्या की कॅन्सर. २०१५ मध्ये टोमासेटी आणि फोगेलस्टाइन या दोघांनी सायन्स या नियतकालिकात मांडलं की शरीराच्या वेगवेगळ्या भागांत कॅन्सरचं प्रमाण इतकं वेगळं का, यातला मोठा वाटा तिथल्या मूळ पेशी किती वेळा विभागतात याचा, म्हणजे निव्वळ योगायोगानं झालेल्या चुकांचा आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तंबाखूसारख्या गोष्टींनी धोका वाढतो हे कोणीच नाकारलेलं नाही. पण धोका वाढणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं. उद्या तंबाखू खाणाऱ्या माणसाला कॅन्सर झाला तरी तो शिक्षा भोगतोय असं म्हणायचा हक्क मला नाही की बिल्डिंगमधल्या बायकांना नाही. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कोणाला झालेलाही नसतो. वय वाढणं आणि बाई असणं हीच त्याची मोठी कारणं, यात कसलं पाप आलं?

पण तुमच्या आईला पेशींपेक्षा निवृत्तीनाथ जवळचे आहेत, तर त्यांच्याबद्दलच बोला तिच्याशी. ज्यांच्या समाधीला ती थंडीत चालत जाते त्यांच्या लहानपणी काय झालं हे तिला पाठ असेल. वडिलांनी संन्यास सोडून संसार केला म्हणून गावानं वाळीत टाकलं, आईवडिलांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, त्यांनी जीव दिला, आणि ही चार पोरं उघड्यावर पडली. त्या चौघांचं काय पाप होतं? आई असं म्हणेल का की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता मागच्या जन्मीचं फेडत होते? आणि चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून त्याखाली गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या. वारकऱ्यांनी त्या मरणात पाप शोधलं नाही, महाद्वारासमोर समाधी बांधली.

हे "मागच्या जन्मीचं" वाक्य फार महागात पडलंय आपल्याला. माणसाला जन्मावरून बाहेर ठेवायचं आणि वर सांगायचं की तुझं पूर्वसंचित. आपल्या पंचवटीत २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीनं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढं काही वर्षं चालला. पूर्वजन्माचं उत्तर मान्य केलं असतं तर ती माणसं दरवाज्याशी उभीच राहिली नसती. आईला म्हणा, तू काही फेडत नाहीयेस, तू आजारी आहेस आणि आपण उपचार करतोय. केमोच्या दिवसांत प्रथिनं पोटात जायला हवीत म्हणून दूध, दही, डाळी, पनीर यांचं काय कसं द्यायचं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून घ्या, आणि उपास करू देऊ नका, माळ गळ्यात असू द्या. बायकांना दारातच सांगा की भेटायला या, कारण सांगायला नको.

प्रश्न : सर, मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्ट बनतात. चेक न करता रिपोर्टवर सही मारत नाही म्हणून सगळे वैतागतात, डिस्पॅच अडतो. माझ्यानंतर लागलेला एक जण डोळे झाकून सह्या करतो, त्याला प्रमोशन मिळालं, फ्लॅट बुक झाला. माझं भाडं थकलंय. प्रामाणिक राहून फायदा काय, खरं सांगा.
— वय २७, नाशिक

उत्तर : खरंच सांगतो रे, फायदा मिळेलच असं काही नाही. त्याला एक दिवस कळेल, देव बघतोय, असलं काही मी लिहिणार नाही कारण मी अशी माणसं बघितलीत ज्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही आणि सुखानं गेली. हा प्रश्न द्रौपदीनं वनवासात युधिष्ठिराला विचारलाय, तू एवढा धर्मानं वागतोस आणि जंगलात बसलोयस, दुर्योधन बघ कसा मजेत आहे. युधिष्ठिर तिला म्हणाला की मी फळासाठी धर्म करतच नाही, आणि जो धर्माचा व्यापार करतो तो सगळ्यात हलका. मला ते उत्तर पटतं पण भाडं थकलेल्या पोराला तेवढंच सांगून भागणार नाही हेही कळतं.

म्हणून मी या सगळ्याकडे कसं बघतो ते सांगतो. आपल्या वागण्याचा आपल्या नशिबाशी संबंध थोडाच असतो, पण दुसऱ्याच्या नशिबाशी फार मोठा असतो. वरच्या निफाडच्या पत्रात अर्धं संकट ढगानं आणलं आणि अर्धं एका माणसानं. निवृत्तीनाथांच्या घरावर जे आलं ते कोणाच्या तरी निर्णयातून आलं. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात आपल्या इथं रामकुंडाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली, पस्तीसहून जास्त माणसं गेली, पर्वणीचं स्नान करायला आलेली, म्हणजे पुण्य करतानाच. त्या माणसांच्या चारित्र्यात शोधून काय सापडणार? रस्त्याचा उतार, बॅरिकेड, अडवून धरलेली गर्दी, तिथंच शोधावं लागलं. २०१५ च्या कुंभासाठी मिरवणुकीचा मार्ग आणि गर्दीचं नियोजन बदललं आणि तसा प्रकार झाला नाही. कोणीतरी नकाशे घेऊन बसलं होतं, त्यांना कोणी ओळखत नाही, आणि जे लोक त्या वर्षी सुखरूप घरी गेले त्यांना वाटलं असेल आपलं नशीब चांगलं. आता २०२७ च्या कुंभाचं काम चालू आहे, तिथंही कुठलातरी कठडा, कुठलातरी पूल कोणीतरी तपासून सही करणार आहे.

तू जो पार्ट रिजेक्ट करतोस तो ज्या गाडीत बसला असता ती कसारा घाटात उतरताना काय झालं असतं हे तुला कधीच कळणार नाही, त्या गाडीतल्यांनाही नाही. त्यामुळे तुझे आभार कोणी मानणार नाही, आणि तुझ्या खात्यात त्याचं काही जमाही होणार नाही. पण ते काम खरं आहे. आणि तुझ्या कंपनीत त्या कामाला किंमत नाही हा कंपनीचा दोष आहे, विश्वाचा नियम नाही, दुसरीकडे असू शकते.

म्हणून लगेच करायच्या गोष्टी. रिजेक्शनची कारणं तोंडी सांगू नकोस, मेलवर लिही, आकड्यांसकट, मापाचं गेज शेवटचं कधी तपासून घेतलं त्या कॅलिब्रेशनच्या तारखेसकट. कोणी सही कर म्हणून दबाव टाकला तर "तुम्ही सांगितल्याप्रमाणे" म्हणून तेही मेलवर आण, बरेचदा दबाव तिथंच गळतो. कस्टमरचं ऑडिट कधी आहे ते बघून ठेव, तुझ्या नोंदी तेव्हा कामाला येतील. आणि गुपचूप दुसरीकडे अर्ज टाकायला लाग, सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, चाकणपर्यंत बघ, एक्सपोर्टचा माल करणाऱ्या कंपन्यांना नाही म्हणू शकणारा क्वालिटीचा माणूस लागतो, इंटर्नल ऑडिटरचा कोर्स केला नसशील तर तो करून घे. घरमालकाशी आजच बोल, थकलेलं भाडं हप्त्यानं देतो म्हणून सांग आणि तारीख ठरव, तारीख दिलेल्या माणसाला बहुतेक घरमालक थांबतात. नवीन ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस.